कातडीची तहान

शाळेत असताना थंडीच्या दिवसांत आम्हा मुलींचा एक खेळ असे. मधल्या सुट्टीत उन्हाला बसायचे आणि नडगीवर नखाने आपापले नाव लिहायचे. पाटीवर पेन्सिलीने लिहावे तशी पांढरी अक्षरे उमटत. ओले बोट फिरवले की पाटी कोरी, पुन्हा नवे नाव. जिच्या घरी रोज तेल लावून देत तिच्या पायावर काही केल्या अक्षर उठत नसे आणि ती बिचारी खेळातून बाद होई.

१९५६ साली नवे मध्य प्रदेश राज्य झाले, उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ जबलपूरला आले आणि त्याच्या पाठोपाठ नागपूरकडची बरीच मराठी कुटुंबेही इकडे आली. त्यांतलेच एक आमचे. तेव्हापासून सिव्हिल लाइन्स हेच आमचे गाव. सुट्टीत कोकणातून आलेल्या मावसभावंडांना आमच्या या पाटीचे भारी अप्रूप वाटे, कारण त्यांच्याकडे समुद्राच्या दमट हवेत पायावर असे काही उमटतच नसे. इथे दिवाळी झाली की हवा कोरडी पडत जाते, डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्याही खाली उतरतो आणि घराघरांतून टाचांना भेगा, ओठांना चिरा, अंगाला खाज सुरू होते.

पुढे मी डॉक्टर झाले, याच भागात दवाखाना थाटला. नडगीवरच्या त्या पांढऱ्या रेघेने मला एक धडा मागच्या जानेवारीत शिकवला, आणि तो माझ्या चुकीतून शिकवला, म्हणून आज हे लिहिते आहे.

आमच्या ओळखीच्या एक काकू आहेत, वय शहात्तर. यजमान न्यायालयातून निवृत्त झालेले, मुलगा-सून नोकरी करणारे. काकूंचे हृदय जरा कमकुवत आहे. हृदयरोगतज्ज्ञांनी त्यांना लघवीची गोळी दिली आहे आणि दिवसभरात चहा, ताक, वरण सगळे धरून दीड लिटरच्या वर पातळ पदार्थ घ्यायचे नाहीत असे बजावले आहे. त्या दिवशी दवाखान्यात सर्दी-खोकल्याची गर्दी होती. काकू आल्या आणि म्हणाल्या, "अगं, पायांना इतकी खाज सुटते की रात्री झोप नाही." मी वाकून पाहिले. नडग्यांवर खवल्यांसारखे पापुद्रे, खाजवून खाजवून रक्ताचे ओरखडे. मी प्रिस्क्रिप्शन लिहिता लिहिताच म्हणाले, "कातडी कोरडी पडलीये, काकू. भरपूर पाणी प्या, अंगाला तेल लावा."

भरपूर पाणी प्या! आम्हा डॉक्टरांच्या तोंडात बसलेले वाक्य. त्यात आता मोबाइलवर रोज सकाळी कोणीतरी पाठवतेच, दिवसाला इतके ग्लास प्या आणि त्वचा तुकतुकीत ठेवा म्हणून. काकू आज्ञाधारक. त्यांनी तांब्या उशाशी घेतला. खाज काही थांबली नाही, म्हणून त्यांनी आणखी पाणी वाढवले. दहाव्या रात्री अडीच वाजता त्यांच्या मुलाचा फोन आला, "डॉक्टर, आईला आडवं होता येत नाहीये, दम कोंडतोय." गेले तर पाय घोट्यापर्यंत सुजलेले, छातीत पाणी भरल्याचा आवाज. इस्पितळात चार दिवस काढून त्या सुखरूप घरी आल्या, हे सुदैव. घरच्यांनी मला बोल लावला नाही. काकू तर उलट म्हणाल्या, "तू सांगितलंस म्हणून अगदी नेमाने प्यायले हो मी." ते ऐकून मला जमिनीत गडप व्हावेसे वाटले.

आणि गंमत अशी, म्हणजे गंमत तरी कशी म्हणावी, अंगात इतके पाणी साचलेले असतानाही नडगीवर नख ओढले की पांढरी रेघ उमटतच होती. पायात पाणी होते, पायाच्या कातडीवर नव्हते.

हे कोडे समजून घ्यायचे तर कातडीच्या सर्वांत वरच्या थराची ओळख करून घ्यायला हवी. मरून चपटे झालेल्या पेशींचे पंधरा-वीस पदर एकमेकांवर रचलेले असतात आणि सगळे मिळून जाडी कागदाहूनही कमी. तळहात-तळपाय तेवढे अपवाद. मृत पेशी म्हटल्यावर आपण नाक मुरडतो, पण हाच थर आपल्याला जिवंत ठेवतो. सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या बंगल्यांच्या भिंती आठवा. पेशी या विटा, आणि विटांच्या मध्ये स्निग्ध पदार्थांचा चुना. तो चुना असतो सिरामाइड, कोलेस्टेरॉल आणि स्निग्धाम्लांचा. विटांच्या आत पाणी धरून ठेवणारा मालही निसर्गाने भरलेला असतो, अमिनो आम्ले, लॅक्टिक आम्ल, युरिया वगैरे. त्यातला बराचसा फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाच्या विघटनातून तयार होतो. काही घराण्यांत पिढ्यान्पिढ्या सगळ्यांचीच कातडी माशाच्या खवल्यांसारखी असते ना, त्यांच्यात या प्रथिनाच्या जनुकात दोष असतो हे २००६ साली उघड झाले. तेव्हा अशा मुलीला "नीट आंघोळ करत नाहीस" म्हणून टोचून बोलण्यात काही अर्थ नाही.

कातडीच्या खालच्या जिवंत थरांत सुमारे सत्तर टक्के पाणी असते. वरच्या या थरात ते उतरत उतरत वीस-तीस टक्क्यांवर येते आणि दहा टक्क्यांच्या खाली गेले की थर कडक होतो, तडकतो. खालून पाणी सतत वर झिरपत असते आणि भिंतीतून थोडे थोडे हवेत उडून जात असते. घाम न येताही दिवसाला साधारण तीन-चारशे मिलिलिटर पाणी असे नकळत जाते. हवा जितकी कोरडी तितकी ही उडण्याची घाई जास्त. म्हणजे वरच्या थरातला ओलावा ठरतो तो भिंत किती शाबूत आहे आणि बाहेरची हवा कशी आहे यावर. पोटात किती तांबे गेले हा हिशेब त्यात फार मागे येतो.

मग पांढरी रेघ कुठून येते? निरोगी कातडीवरच्या जुन्या पेशी रोज एकेकट्या गळून जातात, आपल्याला दिसतही नाहीत. त्यांचे एकमेकींशी असलेले धागे तोडण्याचे काम काही विकरे करतात आणि त्या विकरांना काम करायला पाणी लागते. थर सुकला की धागे तुटत नाहीत, पेशी पुंजक्यांनी चिकटून राहतात आणि कोंड्यासारख्या सुटतात. नखाने ते पुंजके उचकटले जातात, त्यांच्यावर प्रकाश विखुरतो आणि रेघ पांढरी दिसते. ओले बोट फिरवले की ते पुन्हा बसतात. शाळेतली आमची पाटी ती हीच.

कोरड्या कातडीत तेल कमी पडते की पाणी, हा प्रश्न अमेरिकेतल्या अर्विन ब्लँक या संशोधकाने १९५२ मध्ये फार साध्या रीतीने सोडवला. त्याने कातडीच्या घट्ट्याचे वाळलेले, ठिसूळ तुकडे घेतले. ते तेलात ठेवले, मऊ झाले नाहीत. पाण्याने मात्र मऊ झाले. आपल्याला यासाठी प्रयोगशाळाही नको. वाळलेल्या पापडाला तेल चोळून पाहा, तो तसाच कडक राहील. तोच पावसाळ्यात उघडा राहिला तर सादळतो. तेव्हा कातडी मऊ पडते ती पाण्याने. तेलाचे काम ते पाणी उडू न देण्याचे. झाकण म्हणा ना. सुकलेल्या पापडावर झाकण ठेवून काय उपयोग? आधी तो ओलावला पाहिजे.

पाणी पिण्याने त्वचेत काय फरक पडतो यावर ज्या थोड्या चाचण्या झाल्या आहेत त्यांचा आढावा २०१८ मध्ये घेतला गेला. मुळातच फार कमी पाणी पिणाऱ्यांच्या त्वचेत, जास्त पाणी प्यायल्यावर ओलावा किंचित वाढलेला दिसला, तोही पुरावा कच्चा. पुरेसे पाणी पिणाऱ्याने आणखी चार ग्लास ढोसले तर ते बहुतेक करून न्हाणीघराच्या वाटेने निघून जाते.

याचा अर्थ पाणी कमी प्या असा कृपा करून कोणी काढू नये. मे महिन्यात आमच्याकडे लू सुटते, दुपारी हवेत ओल म्हणून राहत नाही, तेव्हा बाहेर राबणाऱ्या माणसाला पाण्याचा घोट हाच आधार. शरीरातले पाणी खरोखर आटते तेव्हा कातडीही सांगते, पण तिचा खालचा जाड थर सांगतो. जुलाब लागलेल्या तान्ह्या मुलाच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली आणि ती सपाट व्हायला दोन सेकंदांहून जास्त वेळ लागला तर मूल फार सुकले आहे, त्याला ताबडतोब दवाखान्यात न्यायला हवे. मीठ-साखरेचे पाणी वाटेतही पाजत राहावे. म्हाताऱ्या माणसाच्या हातावर मात्र ही परीक्षा घेऊ नका. वयाने कातडीचा ताण गेलेला असतो, चिमूट तशीही उभी राहते. तिथे जीभ कोरडी आहे का, लघवी कमी आणि गडद होते का, माणूस गुंगल्यासारखा वाटतो का, हे पाहावे.

काकू घरी आल्यावर मी एका सकाळी मुद्दाम त्यांच्याकडे गेले आणि त्यांचा दिनक्रम विचारून घेतला. हे मी आधी करायला हवे होते, पाच मिनिटांचे काम होते. गीझरचे कडकडीत पाणी, त्यात जंतुनाशकाचे टोपण, अंगभर दोनदा साबण, पायांना वज्री. आंघोळीआधी तेल चोळायचे, पण ते साबणाने पार घालवायचे, नाही तर चिकट वाटते. मग खरखरीत पंचाने अंग खसखसून पुसायचे आणि विजेच्या हीटरसमोर पाय पसरून जप. काकूंच्या भिंतीतला चुना रोज सकाळी कसा खरवडला जात होता ते मला तिथे बसल्या बसल्या दिसले. गरम पाणी आणि साबण मिळून त्वचेतील स्निग्ध पदार्थ धुऊन नेतात. आपल्या त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्ल असतो, नेहमीचा साबण चांगलाच अल्कधर्मी. आणि पाण्यात फार वेळ राहिले की विटांमधला ओल धरणारा मालही विरघळून जातो. धुण्याभांड्याचे काम करणाऱ्या बायकांचे हात दिवसभर पाण्यात असूनही भेगाळतात ते त्यामुळेच. ओठ चाटण्याची सवय असलेल्या मुलांचे ओठही असेच. माघात नर्मदा जयंतीला ग्वारीघाटावर बुडी मारून वाऱ्यात उभे राहिलेल्यांनी घरी आल्यावर आपले गाल आरशात पाहावेत.

काकूंचा दिनक्रम आम्ही बदलला. पाणी कोमट, आंघोळ दहा मिनिटांत, साबण काखा-जांघा-पावलांपुरताच आणि तोही सौम्य. वज्री बंद. अंग टिपायचे, घासायचे नाही, आणि पाच मिनिटांच्या आत, कातडी दमट असतानाच खोबरेल तेलाचा हलका हात. रात्री झोपताना पायांना पुन्हा. हीटर खोलीच्या टोकाला. टाचांना दहा टक्के युरियाचे मलम आणि वर सुती मोजे.

"पण अभ्यंग आधीच करायचं असतं ना गं?" काकूंची शंका रास्त होती. दिवाळीत आपण तेल लावून मग न्हातो. आंघोळीआधीचे तेल वाया जात नाही, साबणाचा मारा ते थोडाफार झेलते. पण उटणे-साबणाने ते पूर्ण उतरवले तर नंतरचे झाकण उरत नाही. म्हणून थंडीत दोन्ही वेळा लावावे, असे मी सांगते.

थंडीत खोबरेल गोठते, साधारण चोवीस अंशांखाली. आमच्या आळीत सकाळी व्हरांड्याच्या कठड्यावर उन्हात तेलाची बाटली ठेवलेली दिसली की ते घर मराठी समजावे, असे माझे वडील म्हणत! शेजारच्या घरांत अर्थातच सरसूचे तेल चालते. ते मोठ्यांनी खुशाल चोळावे, पण तान्ह्या मुलांच्या बाबतीत मी आता आग्रहाने नको म्हणते. आमच्याकडच्या मालिशवाल्या बाईशी यावरून माझी दरवर्षी वादावादी होते. "डॉक्टरनी, सरसों से हड्डी मजबूत होती है," हे तिचे ठरलेले उत्तर. २००२ साली उंदरांवर झालेल्या एका अभ्यासात मोहरीच्या तेलाने त्वचेची भिंत उलट खिळखिळी झाली, सूर्यफुलाच्या तेलाने ती लवकर सावरली. पुढे ढाक्याच्या बालरुग्णालयात दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांना सूर्यफुलाचे तेल अलगद लावण्यात आले. तेल न लावलेल्या बाळांच्या तुलनेत त्यांच्यात इस्पितळातल्या जंतुसंसर्गाचे प्रमाण एक्केचाळीस टक्क्यांनी कमी आढळले. हा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा बाळांची भिंत पुरती बांधूनच झालेली नसते. पाणी बाहेर जाते, जंतू आत येतात आणि ऊबही टिकत नाही. खोबरेल लावल्याने कमी वजनाच्या बाळांच्या अंगातून उडून जाणारे पाणी कमी होते, हे आपल्याकडच्याच डॉक्टरांनी २०१५ मध्ये दाखवून दिले. तेव्हा तेल लावणाऱ्या आज्या चुकत नव्हत्या. तेल कोणते आणि हात किती जोराचा, एवढेच पाहायचे. अशक्त बाळाला मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही लावू नये.

महागड्या बाटल्यांबद्दल वाचक भगिनी नेहमी विचारतात. मॉइश्चरायझर म्हणून जे विकले जाते त्यात दोनच मुख्य कामे असतात, पाणी ओढून धरणे आणि वरून झाकणे. पहिल्या कामाला ग्लिसरीन, युरिया. दुसऱ्याला तेल, व्हॅसलीन, मेण. आपल्याकडे गुलाबपाणी-ग्लिसरीन पूर्वीपासून आहेच. निव्वळ ग्लिसरीन मात्र चोपडू नये, कोरड्या हवेत ते पाणी कातडीतूनच ओढू लागते आणि चुणचुणते. टाचांच्या भेगांना कोकणातून आलेली कोकमतेलाची वडी वितळवून भरत, तेही उत्तम झाकण. बाकी सुगंध आणि जाहिरात. ज्यांची कातडी नाजूक आहे त्यांना तो सुगंधच कधी कधी बाधतो.

पाणी जास्त झाले तरी ही भिंत बिघडते. पावसाळ्यात ओले बूट-मोजे घालून फिरणाऱ्यांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, कारण भिजून पांढरी पडलेली कातडी फुगते, फाटते आणि बुरशीला घर मिळते. आमच्याकडे जूनमध्ये हवा दमट होऊ लागते तरी कूलर बंद खोलीत घरघरत असतोच. मग पोरांच्या पाठीवर घामोळ्या. घामाने सतत भिजून फुगलेल्या वरच्या थरात घामाच्या नळ्यांची तोंडे बुजतात. खिडकी उघडावी, कूलरचे पाणी बंद करून नुसता पंखा चालवावा. बेचक्या कोरड्या ठेवाव्यात आणि मधुमेह्यांनी पायाला तेल-मलम लावताना बोटांच्या मध्ये अजिबात जाऊ देऊ नये.

जाता जाता धुण्याच्या बादलीत सुरकुतणाऱ्या बोटांविषयी. कातडी पाणी पिऊन फुगते म्हणून चुण्या पडतात असे आपण समजतो. पण हाताची नस तुटलेल्या माणसाच्या त्या भागातल्या बोटांना पाण्यात ठेवूनही सुरकुत्या पडत नाहीत, असे १९३० च्या दशकातच डॉक्टरांच्या लक्षात आले होते. म्हणजे मज्जातंतू बोटातल्या रक्तवाहिन्या आवळतात आणि त्यामुळे ती चुणी पडते. मुलाच्या हाताला इजा झाली असेल आणि बोट बधिर झाले आहे की नाही हे त्याला सांगता येत नसेल, तर डॉक्टर कधी कधी हीच खूण पाहतात.

खाज आणि कोरडेपणा नेहमी हवेमुळेच असतो असेही नाही. थायरॉइड मंदावणे, मूत्रपिंडाचे वा यकृताचे दुखणे, रक्तातले लोह कमी होणे, यांचीही ती सुरुवात असू शकते. तीन-चार आठवडे नीट तेल-मलम लावूनही फरक नसेल, रात्रीची झोप मोडत असेल किंवा घरात सगळ्यांनाच खाज सुटली असेल तर तपासून घ्यावे. शेवटच्या बाबतीत बहुधा खरूज निघते.

फेब्रुवारीच्या अखेरीस काकू पुन्हा दवाखान्यात आल्या, रक्तदाब मोजायला. पट्टा बांधायच्या आधीच त्यांनी लुगडे जरासे वर घेतले, नडगीवर नखाने भलीमोठी रेघ ओढली आणि पाय माझ्यापुढे धरला. रेघ उठली नव्हती. "सूनबाई चादरींना तेलाचे डाग पडतात म्हणून कुरकुरते," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून त्यांनी विचारले, "आणि पाणी गं? आता किती प्यायचं?"

"दीड लिटर," मी म्हणाले. "चहा धरून."